सात नंबरचं पाणी

अल खर्ज
शुक्रवार, ३ ऑक्टोबर २०२५

चि. स्वप्ना,
अनेक आशीर्वाद.

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तू हे न फोडताच टोपलीत टाकशील, म्हणून पत्ता नागेशकडून लिहून घेतला. नागेश म्हणजे आमच्या ऑफिसातला क्लार्क, लांज्याचा. त्याचं अक्षर मोत्यासारखं आहे आणि नको त्या चौकशा तो करत नाही. आता फोडलंच आहेस तर वाच. नाही म्हटलं तरी तेवढे कष्ट घेतलेयस.

दोन वर्षं झाली, तू माझा फोन घेत नाहीस. मेसेज टाकला की एकच खूण येते, दुसरी येतच नाही. याचा अर्थ ब्लॉक, असं नागेश म्हणाला. म्हटलं, असू दे, पोस्टमनला कोण ब्लॉक करतंय! तुझा ड्रेस्डेनचा पत्ता तुझ्या मैत्रिणीने, अनुष्काने दिला. तिच्यावर डाफरू नको. तीनदा फोन केला मी तिला, शेवटी बिचारीला नाही म्हणवेना.

इकडची बातमी अशी की आमचं फार्म बंद होतंय. गाईंचा चारा आता बोटीने बाहेरून येणार, इथे पिकवायचा नाही. पिकवणार तरी कशावर? फिरत्या फवाऱ्यांची गोल शेतं सगळी पिवळी पडलीयेत. मला फायनल एक्झिट मिळाली, म्हणजे कायमचं परत जायचा शिक्का. ११ डिसेंबरचं विमान आहे, रियाध ते मुंबई. बावीस वर्षं पंप उतरवले आणि चढवले, आता घरी जाऊन काय करणार ते देव जाणे.

अनुष्का बोलता बोलता म्हणाली की १५ डिसेंबरला तुझा प्रबंध द्यायचा आहे आणि त्यातलं खर्जच्या बोअरांचं प्रकरण तू काढून टाकलंस. ते ऐकून मला दुपारी जेवण गेलं नाही. जलालने विचारलं, "तबियत ठीक है, दत्ता भाई?" मी म्हटलं, गर्मी आहे. जलाल माझा जोडीदार, मुलतानचा, अठरा वर्षं आम्ही एकाच रिगवर आहोत. गर्मीने माझं जेवण कधी जात नाही हे त्याला ठाऊक आहे. त्याने माझं ताट झाकून ठेवलं.

तुझा तो लेख अनुष्काने पाठवला, जर्मनमधला. फोनमध्ये घालून त्याचं मराठी केलं. काही वाक्यं अशी निघाली की हसून पुरेवाट. पण मी चारदा वाचला. तीनशे वर्षांपूर्वी तिकडे चांदीच्या खाणींना लाकूड पुरेना, तेव्हा खाणीवरच्या एका साहेबाने लिहून ठेवलं की जेवढं वाढतं तेवढंच तोडा. चाळीस वर्षांपूर्वी तिथली झाडं वरून सुकायला लागली तेव्हा अख्खा देश घाबरला, लोकांनी कविता लिहिल्या. आपल्याकडे बोअर आटली की शेजाऱ्याला शिव्या घालतात, कविता कोण लिहितो! आणि जंगलाची गाणी गाणाऱ्या त्याच लोकांनी कोळशासाठी गावंच्या गावं खणून काढली, हेही तू लिहिलंस. ते मला आवडलं. कोणाला सोडलं नाहीस.

मग ते दगड. फोनने त्याचं मराठी केलं, "भुकेचे दगड". एल्ब नदी फार खाली गेली की पात्रातले दगड उघडे पडतात आणि त्यांच्यावर जुन्या लोकांनी दुष्काळाची सालं कोरून ठेवलेली असतात. एकावर तर म्हणे कोरलंय की मी दिसलो तर रडायची वेळ आली असं समजा. तू तुझ्या वसतिगृहातून चालत जाऊन अशाच एका दगडाचा फोटो काढला होतास, २०२२ सालच्या उन्हाळ्यात. मला पाठवलाही होतास. मी त्यावर अंगठा टाकला होता. नुसता अंगठा.

आता एक सांगायचंय. माझी बोअरच्या आकड्यांची वही भिजलेली नाही. मी ती टाकूनही दिलेली नाही. माझ्या पेटीत आहे, तळाशी, चादरीखाली.

पण पाठवणं कठीण आहे गो. फार्मची मालमत्ता म्हटली तर फार्मची. कस्टमवाले उघडतील, विचारतील, हे काय लिहिलंय. बघू.

तुझा,
बाबा


अल खर्ज
शुक्रवार, १७ ऑक्टोबर २०२५

चि. स्वप्ना,
अनेक आशीर्वाद.

मागचं पत्र पोचलं की नाही माहीत नाही. त्यात कस्टमचं जे लिहिलं ते थापच होती. शंभर पानी वहीला कोण कस्टम लावतंय! तुझ्या आईला माझ्या थापा लगेच कळायच्या. ती नुसती बघायची आणि पोळी लाटायला लागायची.

तुला ऐन आठवतं का? दहा सालच्या मे महिन्यात तू आणि आई व्हिजिट व्हिसावर आला होतात. तू अकरा वर्षांची. शुक्रवारी मी तुम्हाला खर्जच्या बाहेर नेलं, तो जुना झरा बघायला, अरबीत ऐन. झरा कसला, भलामोठा खड्डा, आत उतरत जाणारा. पूर्वी काठोकाठ भरलेला असायचा, पोरं त्यात उड्या मारायची. आपण गेलो तेव्हा आत कबुतरं होती. कडेच्या दगडावर पाण्याची जुनी रेघ होती, ती मी तुला दाखवली. तू विचारलंस, "बाबा, पाणी कुठे गेलं?" मी म्हटलं, "वापरलं." तू म्हणालीस, "सगळं?" आई म्हणाली, पुरे झाले प्रश्न, उन्हात उभी राहू नको. त्या "सगळं?"ला मी आजपर्यंत उत्तर दिलेलं नाही.

त्याच सुट्टीत तू मला वहीत आकडे लिहिताना बघितलंस. तुला गंमत वाटली होती की बाबा अरबांच्या देशात मराठी आकडे लिहितो. त्याचं कारण तेव्हा सांगितलं नाही, आता सांगतो.

बोअरमध्ये पाणी किती खाली आहे ते टेप सोडून मोजतात. टोकाला पाणी लागलं की टेप टूं करते. तो खरा आकडा आम्हा पंपवाल्यांना लागतोच. पंप किती खोल सोडायचा ते त्यावर ठरतं. चुकलं तर पंप कोरडा फिरतो आणि जळतो. पंपाला थाप मारता येत नाही. पण वर्षातून एकदा सरकारी फॉर्म भरायचा असायचा, आणि मुदीरने, म्हणजे आमच्या मॅनेजरने, पहिल्याच वर्षी सांगितलं होतं, "दत्ता, हर साल एक मीटर. बस." पाणी दर वर्षी सहा-सहा मीटर उतरत होतं. फॉर्मवर एक. सही माझी. म्हणून खरी वही मराठी आकड्यांत. मुदीरला वाचता येत नव्हतं आणि येणाऱ्या-जाणाऱ्या कुणालाही नाही. जलालला मी शिकवले होते, तेवढाच.

आता मी म्हणेन की मुदीरने करायला लावलं. खरंय. पण पहिल्या वर्षी फॉर्म दोन दिवस उशाखाली ठेवून मग सही केली आणि तिसऱ्या वर्षापासून मी फॉर्म चहा पिता पिता भरायला लागलो. ते काही मुदीरने शिकवलं नव्हतं.

तेवीस साली तू फोन केलास तेव्हाचा आवाज माझ्या कानात आहे. इतकी खूश होतीस. "बाबा, मी तुमच्यावर लिहितेय! इकडे दगडावर कोरतात, तुम्ही वहीत कोरता. मला तुमचे आकडे हवेत." मला एवढं बरं वाटलं गो. आयटीआय झालेला माणूस मी, आणि जर्मनीतल्या विद्यापीठात माझं नाव घेणार! मी म्हटलं, पाठवतो. आणि फॉर्म पाठवले. वीस वर्षांचे फॉर्म, सही-शिक्क्यांसकट.

पुढचं तुला माहीत आहे. तू विद्यापीठात सगळ्यांसमोर ते वाचलंस, आणि उपग्रहाच्या आकड्यांवर काम करणारा तुमचा एक जण उभा राहून म्हणाला की हे अशक्य आहे, त्या भागातलं पाणी याच्या कितीतरी पट वेगाने गेलंय. फॉर्मवर सात नंबरच्या बोअरला एकशे सोळा मीटर. खरे होते दोनशे एकतीस. तुमच्या गाइड बाईंनी तुला बाजूला घेऊन विचारलं, हे आकडे कुठून आणलेस. तू म्हणालीस, माझ्या वडिलांकडून.

माझ्या वडिलांकडून. हे तू मला फोनवर सांगितलंस तेव्हा तू रडत नव्हतीस. शांतपणे विचारलंस, "बाबा, ती मराठी आकड्यांची वही कुठाय?" मी म्हटलं, भिजली, टाकली. तू म्हणालीस, "आणि फॉर्मवरचे आकडे?" मी म्हटलं, खरे आहेत. "शपथ घ्या." आणि मी घेतली. आईची घेतली. माझ्या आईची नाही, तुझ्या आईची. मेलेल्या बाईची शपथ, काही बिघडत नाही असं वाटलं असेल मला.

तू फोन ठेवलास. तो ठेवलास तो ठेवलासच.

तू लेखात एक वाक्य लिहिलंयस, फोनने केलेलं मराठी धड नाही पण अर्थ कळतो. नदीवर प्रेम केल्याने नदी वाचत नाही, ती किती खाली गेली ते खरं लिहून ठेवलं तर निदान वाचायची शक्यता राहते. ते वाचताना मला वाटलं, ही पोरगी नदीबद्दल बोलतच नाहीये.

वही पाठवणार आहे. पण त्याआधी मला तुला अजून एक सांगावं लागेल, आणि ते आज होत नाहीये. जुम्म्याची अजान होतेय, जलालला मशिदीत सोडायला जायचंय.

तुझा,
बाबा


अल खर्ज
शुक्रवार, ३१ ऑक्टोबर २०२५

चि. स्वप्ना,
अनेक आशीर्वाद.

मंगळवारी सात नंबर बंद केली.

पंप वर काढला. खाली चिखलाचा वास. टेप सोडली, सोडली, शेवटपर्यंत गेली, वाजली नाही. मला वाटलं टेपची बॅटरी गेली असेल. वर आणून पाण्याच्या बाटलीत बुडवली तर लगेच टूं. जलाल म्हणाला, "खलास, भाई." तो रोज पन्नास वेळा खलास म्हणतो, चहा संपला तरी खलास. त्या दिवशी मात्र त्याने टोपी काढली.

मग तोंडावर लोखंडी प्लेट बसवायची आणि वर सिमेंटचा ओटा करायचा, असा नियम आहे. ओटा केला. सिमेंट ओलं होतं तेव्हा मी खिळा घेतला आणि त्यावर लिहिलं. सात नंबर. २००३, पाणी ९६ मीटरवर. २०२५, पाणी नाही. खाली माझं नाव. फॉर्मवर सही केली होती ना, मग इथेही करावी म्हटलं.

जलाल म्हणाला, "इधर कौन पढ़ेगा ये?"

मी म्हटलं, "मेरी बेटी पढ़ लेगी."

"वो इधर आएगी?"

मी खिळा पुसून खिशात टाकला. त्याने थापी धुवायला घेतली.

फोटो सोबत ठेवलाय, नागेशने ऑफिसात छापून दिला. तुझ्या नदीतल्या दगडांसारखा हा ओटा कधी पाण्याखाली जाणार नाही. तिकडे पाऊस झाला की दगड बुडतात, लोक सुटकेचा श्वास टाकतात. इथलं पाणी हजारो वर्षांपूर्वी मुरलेलं, ते परत यायचं नाही. ते मी काढलं. मी एकट्याने नाही, पण मीही. त्यावर तुझी पुण्यातली जर्मनची फी भरली आणि तुझं जर्मनीचं तिकीट काढलं. हे तुला टोचायला लिहीत नाही. मला टोचतं म्हणून लिहितो.

आता ते दुसरं.

तेवीस साली मी वही लपवली ती मुदीरच्या भीतीने नाही. मुदीर केव्हाच जॉर्डनला परत गेलाय. ती लपवली कारण तू प्रत्येक पान बघितलं असतंस. तू तशीच आहेस. आणि फेब्रुवारी २०१४ चं पान उघडलंस की तुला तारखा दिसल्या असत्या.

आई दवाखान्यात होती. आठ तारखेला भाऊसाहेबांनी फोन करून सांगितलं, डॉक्टर म्हणतात दोन-चार दिवस, लगेच निघा. तुझी आई भाऊसाहेबांची धाकटी बहीण, ते काही उगाच फोन करणारे नव्हेत. मी निघालो नाही. आई बारा तारखेला गेली. मी चौदाला पोचलो तेव्हा अस्थी सावडून झाल्या होत्या. तू पंधरा वर्षांची, अग्नी तूच दिला होतास. भाऊसाहेब तुझ्यामागे उभे राहिले म्हणून कुणी आडवं आलं नाही. तू दारात मला विचारलंस, "बाबा, व्हिसा मिळाला नाही का?" मी म्हटलं, नाही गो, रविवारपासून रियाधला पासपोर्ट ऑफिसात बसून होतो, परत यायचा शिक्का देत नव्हते. तू माझ्या कमरेला मिठी मारलीस. म्हणालीस, "तुमचा काय दोष." अकरा वर्षं मी ते वाक्य घेऊन जगतोय.

त्या ऑफिसचा काही दोष नव्हता. रविवारी, नऊ तारखेला, दुपारी एक वाजता कागद माझ्या हातात होता. तासाभराचंही काम नव्हतं.

सोमवारी सकाळी सात नंबरची बहात्तर तासांची टेस्ट सुरू होणार होती. पंप सलग चालवायचा आणि दर दोन तासांनी पाणी मोजायचं. मध्ये खंड पडला तर पहिल्यापासून. मुदीर म्हणाला होता, दत्ता, तू जा, जलाल करील. मुदीरसुद्धा म्हणाला होता! मीच म्हटलं, नाही, त्याला जमायचं नाही. त्याला माझ्यापेक्षा बरं जमलं असतं.

मी भ्यालो होतो, स्वप्ना. आईचे केस गेले होते, नळ्या लावल्या होत्या, भाऊसाहेबांनी फोनवर दाखवलं होतं. मला ते समोर उभं राहून बघायचं नव्हतं. टेप खाली सोडायची, टूं वाजली की आकडा लिहायचा, हे मला करता येत होतं. म्हणून ते करत बसलो. तीन दिवस. रविवारी आईचा फोन आला तेव्हा ती म्हणाली, "कधी येताय?" तिलाही मी व्हिसाचंच सांगितलं. ती म्हणाली, "बरं. जेवून घ्या." ते शेवटचं बोलणं. तिला थाप कळली असणार. माझ्या सगळ्या थापा तिला कळायच्या.

हे पान मला फाडता आलं असतं. तेवीस साली पेटीतून वही काढून बसलोही होतो. पण मागचं पान त्याच कागदाचं असतं, जानेवारीचे आकडे गेले असते. आकडे फाडवेनात मला. बायको मरत असताना घरी न जाणारा माणूस, पण जानेवारीचे आकडे फाडवेनात. काय माणूस आहे बघ मी.

तुझा,
बाबा


रियाध
मंगळवार, १८ नोव्हेंबर २०२५

चि. स्वप्ना,

वही आज कुरिअरने पाठवली. फायनल एक्झिटच्या कामाला रियाधला आलो होतो. जलालने गाडी लांब लावली, म्हणून मेट्रोने गेलो. काय थंडगार असते गो, आणि सगळे फोनमध्ये. मी वही छातीशी धरून बसलो होतो. शेजारच्या केरळच्या माणसाने विचारलं, कुराण आहे का? मी म्हटलं, नाही, पाणी आहे. त्याला वाटलं म्हातारा सटकलाय.

बावीस वर्षांचं सगळं आहे, अकरा बोअरचं. चिखलाचे डाग आहेत, चहाचे आहेत. जिथे मिटलंय तिथे मी दुरुस्त केलेलं नाही. वरच्या पानावर सही करून लिहून दिलंय की हे आकडे खरे आणि फॉर्मवरचे खोटे, दोन्ही माझ्या हातचे. तुमच्या बाईंना दाखव. ते मी नागेशकडून इंग्रजीतही करून घेतलंय. त्याने वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि टाइप केलं. प्रकरण परत घालायला अजून दिवस आहेत ना?

नागेश म्हणाला, काका, यावरून कुणी विचारलं तर? मी म्हटलं, विचारू देत. विचारायलाच हवं होतं कुणीतरी.

फेब्रुवारी २०१४ चं पान सत्तेचाळिसावं आहे. तू ते शोधशीलच, पण शोधायला लागू नये म्हणून सांगितलं.

बाबा


अल खर्ज
शुक्रवार, ५ डिसेंबर २०२५

चि. स्वप्ना,
अनेक आशीर्वाद.

काल दुपारी तुझा मेसेज आला. मी पाइप मोजत होतो. फोन वाजला, तुझं नाव. चष्मा सापडेना. जलालला म्हटलं, वाच बाबा, पण मराठी त्याला कुठून यायला. तो म्हणाला, "एक ही लाइन है, भाई. एक नंबर तो मैं पढ़ लेता हूँ. बारह."

चष्मा माझ्या खिशातच होता.

"१२ फेब्रुवारीला दर दोन तासांनी आकडा आहे, दुपारी चारचा का नाही?"

दोन वर्षांनी तू माझ्याशी बोललीस ते एवढंच. नमस्कार नाही, बाबा नाही. मला त्याचं काही वाटलं नाही. खरं सांगू, आनंद झाला. एवढ्या वहीतून तुला नेमकं तेच दिसलं. मोजायला तू माझ्याकडूनच शिकलीस असं वाटून गेलं, आणि मग लाज वाटली.

तू हिशोब केला असशीलच. इथले पावणेचार म्हणजे तिकडचे सव्वासहा. तू दवाखान्याच्या जिन्यातून फोन केलास. म्हणालीस, "बाबा, आई गेली." मागे कुणीतरी बादली आपटली होती, तो आवाजही मला ऐकू आला. मी म्हटलं, "मी येतो." तू म्हणालीस, "व्हिसा?" मी म्हटलं, "मिळेल आता." तुझ्याशी बोलत होतो तेव्हा माझ्या हातात टेप होती.

चार वाजले. जलालने हाक मारली, टाइम हो गया. मला उठता येईना. बोअरच्या पाइपाला पाठ लावून वाळूत बसलो आणि रडलो. पंपाचा आवाज एवढा होता की माझं मलाच ऐकू येत नव्हतं. जलाल शेजारी येऊन बसला. त्याने टेप घेतली नाही. मोजलं नाही. नंतर कधी मी विचारलं, तू का नाही मोजलंस, तर म्हणाला, "वो वक़्त नापने का नहीं था." त्याला कळलं.

आता जे तू विचारलेलं नाहीस ते. सहाचा आकडा आहे. आठचा आहे, दहाचा आहे, दुसऱ्या दिवशी सकाळी आठपर्यंत सगळे आहेत. माझ्या हातचे. पाच वाजता जलाल म्हणाला होता, भाई, तू निकल, आठचं विमान सापडेल. त्या विमानाने मी सकाळी तुझ्यापाशी असतो. भाऊसाहेबांनी तोवर आईला ठेवलं असतं. त्यांनी मला तसं विचारलंही होतं, येताय का, थांबू का. मी म्हटलं, थांबू नका. सहाला डोळे पुसून मी पुन्हा टेप सोडली. आई जिवंत असताना मी भीतीपोटी आलो नाही हे एक वेळ मला समजतं. सहाचं मला अकरा वर्षं समजलेलं नाही. तुला सांगायला माझ्याजवळ कारणच नाही.

याची माफी मागत नाही. मागायची लायकी नाही, आणि तू देशील तर मला ती घेता येणार नाही. पण मी चुकलो गो. फार चुकलो. तुझ्याशीही आणि तिच्याशीही.

अजून एक. कुरिअरला द्यायच्या आधी मी सत्तेचाळिसावं पान उघडून पेन घेऊन बसलो होतो. चारचा आकडा भरून टाकायला. दोनला १८७.२ होतं, सहाला १८७.९. मध्ये १८७.५ घातलं असतं तर कुणाला कळलं नसतं, तुझ्या उपग्रहवाल्यालाही नाही. बावीस वर्षं हेच तर केलं, फॉर्मवर बसेल असा आकडा घालत आलो. पेन टेकवलंसुद्धा. बघ, तिथे निळा ठिपका आहे. तो तेवढाच आहे.

प्रबंधात ते पान छापायचं असेल तर छाप. कुणी विचारलं, इथे मोकळं का, तर सांग की तिथे पाणी मोजणारा रडत होता. त्या चौकोनात तू काही भरू नको.

गुरुवारी सकाळी निघतो. मुंबईला उतरल्यावर रात्रीच्या गाडीने रत्नागिरी. घराची चावी भाऊसाहेबांकडे आहे. आईचा फोटो बाहेरच्या खोलीत आहे, तो मी अकरा वर्षं धड बघितलेला नाही. तू फोन केलास तर तुला सांगेन बघितला की नाही. नाही केलास तरी बघेन.

बाबा